स्तुती सुचत नाही म्हणजे विश्वास आटला असं नाही

वाचक भगिनीचं पत्र:

सलाम. माझे पती दोन वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून आहेत. जरा बरं वाटतं, पुन्हा खालावतं, पुन्हा दवाखाना. सुरुवातीला मंडळीतल्या सगळ्यांनी उपास धरले, प्रार्थना केल्या. एका बहिणीने बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं ९१ वं स्तोत्र 'तुमच्यासाठी मिळालेलं वचन' म्हणून लिहून दिलं, ते मी यांच्या उशाशी लावलं. आता येणारे-जाणारे कमी झाले. एकाने तर आमचा विश्वास कुठे कमी पडतोय का, असंही विचारलं. पूर्वी मी स्त्रियांच्या प्रार्थनासभेत पुढे होऊन प्रार्थना करायचे. आता घरीसुद्धा तोंडातून शब्द फुटत नाही. स्तोत्रसंहिता उघडली की 'गा, उल्हास करा' असंच सगळीकडे दिसतं आणि मी पुस्तक मिटते. कधी देवाचा राग येतो, मग त्या रागाचीच भीती वाटते. हे पाप आहे का? सगळे म्हणतात स्तोत्रांत आशा मिळते. मला ती कुठे सापडेल? आणि प्रार्थनासभेला पुन्हा जाऊ का?
– एक भगिनी

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या भीतीबद्दल आधी बोलते, कारण ती मनात असेपर्यंत बाकीचं काही आत जाणार नाही. देवासमोर रडणं, त्याला 'का' विचारणं, 'अजून किती दिवस' म्हणणं हे पाप नाही. तसं असतं तर स्तोत्रसंहितेची कितीतरी पानं फाडून टाकावी लागली असती. १५० स्तोत्रांमध्ये सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा तरी त्यांचाच. आपल्या उपासनेत मात्र २३, १००, १०३, १२१ अशी ठरावीक स्तोत्रं फिरून फिरून येतात आणि बाकीची न वाचलेली राहतात. तुम्हाला पुस्तकभर उल्हासच दिसतो, त्याचं एक कारण हेही आहे की उल्हासाची पानं तेवढी आपल्या हाताला सवयीची झालेली असतात.

१३ वं स्तोत्र उघडा. अवघी सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा 'कोठवर' विचारतो. तू मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर झुरत राहू, वैरी माझ्यावर कोठवर वरचढ राहणार. यातला पहिलाच प्रश्न बघा. देव आपल्या माणसाला विसरत नाही, हे दाविदाला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्या दिवशी त्याला विसरल्यासारखं वाटलं, आणि जे वाटलं ते त्याने तसंच देवाला सांगितलं. आधी नीटनेटकं करून घेतलं नाही. या स्तोत्राच्या मथळ्यात ते मुख्य गवयासाठी असल्याचं लिहिलंय, म्हणजे ते सगळ्यांनी मिळून गायचं होतं. एका माणसाचं गाऱ्हाणं देवाच्या लोकांनी आपल्या उपासनेत घेतलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलं.

कुणी तुम्हाला म्हणेल की इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली तेव्हा देवाला राग आला होता, मग हे गाऱ्हाणं त्याला कसं चालतं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर स्तोत्रांतच आहे. १०६ व्या स्तोत्रात म्हटलंय की ते लोक आपापल्या तंबूंत कुरकुर करत राहिले आणि त्यांनी परमेश्वराची वाणी ऐकली नाही. तंबूंत, म्हणजे देवाकडे पाठ करून, आपापसांत. उलट १४२ व्या स्तोत्रात गुहेत अडकलेला दावीद आपलं सगळं गाऱ्हाणं देवापुढे ओततो. दुखणं दोघांकडेही आहे. फरक आहे तो तोंड कुठे वळलंय याचा. तुम्ही देवावर रागावता आणि त्या रागाने अस्वस्थ होता, तेव्हा तुमचं तोंड अजून त्याच्याकडेच आहे. जिच्या लेखी देव उरलेला नाही, ती त्याच्यावर रागावत बसत नाही.

आता ८८ वं स्तोत्र. ते सभेत क्वचितच वाचलं जातं, आणि तुमच्यासारख्या घरात ते सर्वांत आधी वाचलं जायला हवं. हेमान एज्राही याच्या नावावर ते आहे. तरुणपणापासून दुःखाने पिचलेला हा माणूस. डोळे रडून रडून क्षीण झालेले, ओळखीचे लोक दूर गेलेले, मित्र आणि जिवलग उरलेले नाहीत. 'आता येणारे-जाणारे कमी झाले' हे तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला हेमानच आठवला. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. १३ वं स्तोत्रही घेतं. शेवटच्या दोन वचनांत दावीद देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गाण्याची भाषा बोलतो. ८८ व्यात ते वळण येत नाही. अंधार हा शब्द येतो आणि स्तोत्र तिथेच संपतं.

आणि तरी हे स्तोत्र हताश माणसाचं नाही. पहिल्याच वचनात हेमान देवाला आपल्या उद्धाराचा देव म्हणतो आणि रात्रंदिवस हाक मारतो. नवव्या वचनात तो रोज देवाकडे हात पसरतो. तेराव्यात पहाट होते आणि पुन्हा त्याची प्रार्थना देवापुढे जाते. उत्तराचा मागमूस नाही, पण हाक थांबलेली नाही. त्या स्तोत्राच्या शेवटी कुणीही चार आनंदाच्या ओळी जोडून ते गोड करून ठेवलं नाही. देवाने ते जसं आहे तसंच आपल्या वचनात राहू दिलं. ज्या रात्री तुमच्याकडे अंधाराखेरीज सांगण्यासारखं काहीच नसेल, त्या रात्रीसाठीसुद्धा शास्त्रात प्रार्थना लिहून ठेवलेली आहे ताई. मला हा फार मोठा दिलासा वाटतो.

इथूनच उशाशी लावलेल्या ९१ व्या स्तोत्राकडे येते. तो कागद काढू नका. फक्त ते स्तोत्र एकटं वाचू नका. एकदा ८८ पासून ९१ पर्यंत सलग वाचा, हळूहळू, दोन-तीन बैठकींत का होईना. ८८ वं अंधारात संपतं. ८९ वं परमेश्वराची दया सर्वकाळ गाण्याच्या निश्चयाने सुरू होतं आणि जाता जाता 'प्रभू, तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली?' या प्रश्नाशी येऊन ठेपतं. ९० वं म्हणजे मोशेची प्रार्थना: आयुष्य ७० वर्षांचं, फार तर ८० वर्षांचं, आणि त्यातही कष्ट आणि दुःख. मग ९१ येतं, परात्पराच्या आश्रयाचं. माझ्या मते हा क्रम मोलाचा आहे. अंधार, न सुटलेला प्रश्न आणि मरण हे तिन्ही बघून आलेला वाचक आश्रयाच्या त्या गीतापाशी पोचतो. दुःख माहीतच नसलेल्या माणसाने म्हणण्याचं ते गीत नाही.

शिवाय याच स्तोत्राची वचनं सैतानानेही वापरली होती. मंदिराच्या शिरोभागी उभं करून तो येशूला म्हणाला, खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील. त्या स्तोत्राचं अकरावं आणि बारावं वचन ते हेच. प्रभूने वचन खोटं म्हटलं नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं शास्त्रातूनच उत्तर दिलं. पुढे तोच प्रभू क्रुसावर गेला आणि तिथून त्याला उतरवायला कुणी देवदूत आला नाही. 'विश्वास पुरेसा असेल तर संकट घराला शिवणार नाही' असा ९१ व्या स्तोत्राचा अर्थ असता, तर तो सर्वांत आधी येशूच्याच बाबतीत मोडला असता. म्हणून विश्वास कमी पडतोय का, असं ज्यांनी विचारलं त्यांच्याशी वाद घालू नका, पण ते बोलणं मनावरही घेऊ नका. त्या स्तोत्राचं पंधरावं वचन वाचा. संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, असं देव तिथे म्हणतो. संकट येणार हे त्या वचनात धरलेलंच आहे. कागद लिहून देणाऱ्या बहिणीला फार प्रेम होतं. त्या कागदावर हे पंधरावं वचन ठळक करून घ्या.

शब्द फुटत नाहीत, हे तुमचं दुसरं दुखणं. ज्यांनी वर्षानुवर्षं इतरांसाठी मोठ्याने प्रार्थना केली, त्यांना हे जास्त लागतं. आपण रित्या झालो असं वाटतं. पण स्तोत्रं आपल्याला दिलेली आहेत ती बऱ्याच अंशी यासाठीच. शास्त्राच्या इतर पुस्तकांत बहुतेक ठिकाणी देव माणसाशी बोलतो. इथे माणसाने देवाशी काय बोलावं याचे शब्दही देवानेच पुरवलेत. आपला प्रभू क्रुसावर होता, श्वास पुरत नव्हता, आणि त्या घडीला त्याने दाविदाचे शब्द तोंडात घेतले: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वचन. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की प्राण सोडताना त्याने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला. ते शब्द ३१ व्या स्तोत्रातले. देवाच्या पुत्राला यातनेत लिहून ठेवलेली प्रार्थना पुरली. तुम्ही स्वतःचे शब्द सापडत नाहीत म्हणून लाजू नका.

२२ व्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो, म्हणून काही जण घाईघाईने म्हणतात की येशूच्या मनात तो शेवटच होता. मला ही घाई पटत नाही. शेवट त्याला ठाऊक होता हे खरंच, पण त्या क्षणी त्याने पहिली ओळ उच्चारली आणि ती मोठ्याने आरोळी मारून उच्चारली. त्यामुळे 'का' विचारणारी कुणीही बाई आता त्या प्रश्नात एकटी नाही. तुमच्याआधी तो प्रश्न ज्याने विचारला, तो आज पित्याच्या उजवीकडे बसून तुमच्यासाठी मध्यस्थी करतो आहे.

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचीही आठवण करून देते. १५० स्तोत्रांवर त्याने विवरण केलेलं होतं. ४३० साली, शेवटच्या आजारात, त्याने दाविदाची पश्चात्तापाची काही स्तोत्रं लिहवून घेऊन अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली, आणि पडल्या पडल्या ती वाचत तो रडत असे. इतका मोठा शिक्षक, पण त्या दिवसांत त्याची प्रार्थना भिंतीवरच्या अक्षरांची होती. तुमच्या घरात उशाशी कागद आहे, हे काही कमी नाही.

आता आशा. सगळे म्हणतात तिथे मिळते, पण कुठे, असं तुम्ही विचारलंत. मी तुम्हाला ७७ व्या स्तोत्रापाशी नेते, कारण त्यात तुमच्या पत्रातलं जवळजवळ सगळं आहे. हे आसाफ नावाच्या गवयाचं. रात्र आहे, झोप नाही, सांत्वन मनाला नकोसं झालंय. चौथ्या वचनात तो सांगतो की मी इतका व्याकूळ झालोय की माझ्याने बोलवत नाही. म्हणजे बोलवत नाही, हेसुद्धा देवाला सांगता येतं. मग प्रश्नांची रांग लागते: प्रभू सर्वकाळ आमचा त्याग करणार का? त्याची दया कायमची संपली का? देव कृपा करायला विसरला का? एकही प्रश्न तो मागे घेत नाही आणि एकाचंही उत्तर त्याला मिळत नाही.

तिथून पुढे तो एक गोष्ट ठरवून करतो. तो आठवतो. परमेश्वराची जुनी कृत्यं मी आठवीन, मी त्यांचं मनन करीन, असं तो स्वतःला बजावतो, आणि मग समुद्राचा तो प्रसंग डोळ्यांपुढे आणतो, जेव्हा देवाने आपल्या लोकांना मिसर देशातून बाहेर काढलं. पाणी थरारलं, मेघ गर्जले, पृथ्वी कापली. आणि मग येतं ते एकोणिसावं वचन: तुझी वाट समुद्रातून होती, आणि तुझी पावलं कुणाला दिसली नाहीत. लोक पार झाले, पण देव कुठून चालला ते कुणाला कळलं नाही. पुढच्या वचनात मोशे आणि अहरोन यांच्या हातून तो आपल्या लोकांना कळपासारखं नेतो, आणि स्तोत्र थांबतं. आसाफाचं स्वतःचं दुःख मिटलं की नाही, त्याला झोप लागली की नाही, याबद्दल अक्षर नाही.

मला वाटतं स्तोत्रांतली आशा ही अशी आहे. तिच्यात उद्या सकाळी ताप उतरेल अशी हमी नाही. पावलं दिसत नसतानाही चालणारा तोच आहे, हे आधीच्या वाटेवरून ओळखणं, एवढं तिच्यात आहे. आणि दोन वर्षं अंथरुणाशेजारी बसलेल्या बाईला एवढंच धरता येतं. आसाफाकडे आठवायला समुद्र होता. तुमच्याकडे त्याहून मोठं काही आहे: रिकामी कबर. पुनरुत्थानाच्या पहाटेही देव कसा आला ते कुणी पाहिलं नाही. स्त्रिया पोचल्या तेव्हा धोंड बाजूला झालेली होती.

प्रेषित पौलानेही आशा याच ठिकाणी मांडली. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाचा शेवट आपण सगळे पाठ म्हणतो, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील? पण त्याच्या मधोमध पौलाने एक स्तोत्र घातलंय याकडे आपलं लक्ष जात नाही. 'तुझ्यामुळे आमचा वध दिवसभर होत आहे' ही ओळ ४४ व्या स्तोत्रातली, आणि ते स्तोत्र बायबलमधल्या सर्वांत कडवट विलापांपैकी एक आहे. तिथे लोक देवाला 'जागा हो, का झोपलास?' असं विचारतात. एवढ्या मोठ्या आशेच्या अध्यायात पौलाला ते गाऱ्हाणं वगळावंसं वाटलं नाही.

४२ आणि ४३ ही दोन स्तोत्रंही वाचा, जोडीने. त्यांत एक पालुपद तीनदा येतं: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर.' पहिल्यांदा स्वतःला असं समजावल्यावर लगेच पुढच्या ओळीत त्याचा जीव पुन्हा खचतो. दुसऱ्यांदा समजावतो, पुन्हा 'तू मला का टाकलंस' येतं. तिसऱ्यांदा पुन्हा समजावतो. एकदा धीर धरला आणि दुपारपर्यंत तो गळाला, तर आपलं काही चुकलं असं समजू नका. शास्त्रातल्या माणसालाही तेच शब्द स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

सेवा करणाऱ्यांसाठी म्हणून दोन ठिकाणं मुद्दाम सांगते. ४१ व्या स्तोत्रात, तिसऱ्या वचनात, देव आजारी माणसाला त्याच्या अंथरुणावर सांभाळतो आणि त्याचं अंथरूण सावरतो, असं म्हटलंय. चादर बदलणं, कूस बदलून देणं, हे काम देव स्वतःचं म्हणून सांगतो. तुम्ही दिवसातून कितीदा ते करत असाल! त्याच स्तोत्रात पुढे जेवणाला बसणारा मित्र फिरल्याची वेदनाही आहे, त्यामुळे आप्त दुरावल्याचं दुःखही तिथेच म्हणून घेता येईल. दुसरं ठिकाण १३४ वं स्तोत्र, तीनच वचनांचं. परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून ते आहे. १२० पासून १३४ पर्यंत यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांची १५ गीतं आहेत, त्यांतलं हे शेवटचं. सगळे यात्रेकरू निजायला गेल्यावरही जे जागे आहेत त्यांची आठवण त्यात ठेवलेली आहे. रात्री औषधाच्या वेळेला उठाल तेव्हा हे म्हणा. ती रात्रपाळीही देवासमोरची सेवाच आहे.

रोज पाच स्तोत्रं वाचली की महिन्याभरात पुस्तक पुरं होतं, ही पद्धत चांगली आहे, पण तुम्ही सध्या तिच्या वाटेला जाऊ नका. लंघनातून उठलेल्या माणसाला कुणी ताटभर वाढत नाही. एक आठवडाभर एकच स्तोत्र घ्या. १३ पासून सुरुवात करा, मग ७७, मग ४२ आणि ४३. वाचाल ते मोठ्याने वाचा, आवाज बेताचा असला तरी चालेल. मनातल्या मनात वाचताना डोळा पुढे सरकतो आणि मन मागे राहतं. जिथे दावीद वैरी म्हणतो, तिथे तुमच्या घरातल्या आजाराचं नाव घ्या. जी ओळ तोंडून निघत नाही तिथे थांबा. ती ओळ खरी वाटत नाही असं देवाला सांगा आणि तेवढ्यावर पुस्तक मिटलं तरी चालेल. आणि यजमानांना ऐकू जाईल असं वाचता आलं तर फार बरं. तुम्हाला वाटतं की त्यांच्यासमोर नेहमी धीराचं बोललं पाहिजे. पण त्यांच्याही मनात एखादं 'कोठवर' असेलच, आणि ते स्तोत्राच्या शब्दांत दोघांनी मिळून म्हणता येईल.

स्तुतीची स्तोत्रं कायमची बाजूला ठेवू नका, फक्त त्यांना आता ओढून आणू नका. स्तोत्रसंहिता पाच भागांत विभागलेली आहे. विलाप पहिल्या भागांत दाट आहे आणि स्तुती शेवटाकडे वाढत जाते. १४६ ते १५० या पाचही स्तोत्रांची सुरुवात आणि शेवट परमेश्वराच्या स्तवनानेच होतो. तिथवर जायला पुस्तकालाच बराच वेळ लागलाय. तुम्ही कुठल्या तरी मधल्या पानावर आहात, आणि तिथे असणं लाजिरवाणं नाही.

एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. झोप बरेच दिवस उडाली असेल, खाण्यावरची वासना गेली असेल, किंवा आपण नसतो तर बरं असे विचार डोकावत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा, आणि आजच सांगा. तुमच्या पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण इतकी वर्षं रुग्णसेवा करणाऱ्यांचं शरीर आणि मन दोन्ही झिजतं. १०२ व्या स्तोत्रातला माणूस जेवायला विसरतो, छपरावरच्या एकट्या चिमणीसारखा जागा राहतो. त्या स्तोत्राच्या मथळ्यावर कुणाचंही नाव नाही. खचलेल्या आणि देवापुढे गाऱ्हाणं ओतणाऱ्या कुणाचीही ती प्रार्थना आहे. उपचार घेणं अविश्वास नाही. तुम्ही यजमानांसाठी डॉक्टरांकडे धावता तेव्हा त्याला अविश्वास म्हणत नाही ना?

राहिला प्रार्थनासभेचा प्रश्न. जा. पण पुढे होऊन प्रार्थना करायला सध्या नको. आधी तुमच्या विश्वासातल्या एखाद्या बहिणीला, हवं तर पाळकसाहेबांच्या पत्नीला, सांगून ठेवा की मी येईन, बसेन, मला प्रार्थना करायला सांगू नका. आणि एक मागणं करा: त्या दिवशी शास्त्रपाठ म्हणून १३ वं किंवा ८८ वं स्तोत्र घ्यायला सांगा, आणि ते सगळ्यांनी मिळून वाचा. तुमच्याऐवजी इतरांनी 'कोठवर' म्हणू दे. त्या खोलीत आणखी एखाददुसरी बहीण असेलच जिने हा प्रश्न आजवर कुणाला ऐकवलेला नाही. सभा संपल्यावर तुमच्या घरी आठवड्यातून एक दुपार कोण बसू शकेल, हेही त्याच बैठकीत स्पष्ट विचारा. दोन तास तुम्हाला बाहेर पडता आलं पाहिजे, आणि यजमानांनाही दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू आला पाहिजे. लोक येईनासे झाले ते बऱ्याचदा काय करावं हे न कळल्यामुळे. काम नेमून दिलं की येतात.

यजमानांचं नाव पत्रात नव्हतं, पण त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लिहा, आणि काही बदललेलं नसलं तरी लिहा.

प्रभूमध्ये तुमची बहीण